चंद्रावर निघालेला आकडा

चैत्राली गावंडेनं स्क्रीनवरचा संदेश पुन्हा पुन्हा वाचला, तरी तो काही बदलला नाही.

"चांद्रबाग. वाफा : चिखलदरा. पीक : जवस. रात्रीचं तापमान : रिकामं. सूर्यास्तानंतर या वाफ्याला ऊब मिळणार नाही."

रिकामं कसं असेल? त्याच स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत तिचं स्वतःचं पान कालपासून उघडं होतं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, "रात्रीचं तापमान : २२ अंश." एका बाजूला बावीस, दुसऱ्या बाजूला रिकामं. आणि दोन्ही एकाच वाफ्याबद्दल.

चांद्रबाग म्हणजे चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूच्या साधारण मध्यावर उभारलेला काचेचा मोठा घुमट. जगभरातल्या शाळांना तिथं एकेक वाफा दिलेला होता. चिखलदऱ्याच्या मुलांनी जवस पेरायला सांगितलं, तिथल्या यंत्रमानवांनी ते पेरलं, आणि आता रोपं वीतभर झाली होती. चंद्रावर दिवस आपल्या दोन आठवड्यांएवढा असतो, आणि रात्रही तेवढीच. त्या लांबलचक रात्री बाहेरची थंडी शून्याखाली दीडशे अंशांच्याही पार जाते. बागेत वीज मोजकीच, म्हणून नियम असा होता की प्रत्येक शाळेनं आपल्या पिकाला रात्री किती ऊब हवी ते ठरवायचं, आणि ते कळवणारं वेबपानही स्वतःच लिहायचं. जी शाळा कळवणार नाही तिच्या वाफ्याला वीज नाही.

वर्गात आठवडाभर वाद झाले. शेवटी बावीस ठरलं. पान लिहायचं काम चैत्रालीनं मागून घेतलं होतं.

लॅपटॉप तसाच उघडा धरून ती वरच्या आळीला धावली.

वरच्या आळीत आत्याआजी राहायची. ती चैत्रालीच्या बाबांची आत्या, डॉक्टर सुमन गावंडे. अंतराळयानांतले संगणक आणि पृथ्वीवरचे संगणक यांचं बोलणं नीट चालावं, यासाठी तिनं उभा जन्म काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर स्वच्छ आकाशासाठी ती चिखलदऱ्याला परत आली. सकाळचे नऊ वाजले होते, तरी अंगणात तिची दुर्बीण मांडलेली होती. पश्चिमेला, दरीच्या वर, निळ्या आभाळात अर्धा चंद्र पुसट दिसत होता.

"आत्याआजी, चंद्रावर माझा आकडा पोचलाच नाही," चैत्राली धापा टाकत म्हणाली.

"आधी श्वास घे, चैतू. मग इथं डोळा लाव."

चैत्रालीनं दुर्बिणीला डोळा लावला. पुसट वाटणारा चंद्र एकदम जवळ आला होता. अर्धा भाग उजेडात, अर्धा नाहीसा. मधल्या सीमेवर डोंगरांची टोकं उन्हात चमकत होती आणि त्यांचे पायथे अंधारात बुडालेले होते.

"ती उजेड-अंधाराची सीमा आत्ता आपल्या बागेजवळ आली आहे," आत्याआजी म्हणाली. "तू बघते आहेस तो तिथला सूर्यास्त."

"म्हणजे आता उशीर झाला?"

"अजून नाही. चंद्र स्वतःभोवती फार सावकाश फिरतो. तिथं सूर्य क्षितिजाला टेकला की पुरता बुडायला तासभर लागतो. तेवढा वेळ आहे आपल्याकडे. दाखव तुझी स्क्रिप्ट."

स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरनं (वेबपान उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं) काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना. आत्याआजीनं चष्मा नाकावर घेऊन त्या वाचल्या. मध्येच थांबून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं तू 'तापमान' नावाच्या व्हेरिएबलमध्ये बावीस ठेवलंस." व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवण्यासाठी नाव दिलेली जागा.

"हो. आणि चांद्रबागेच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा नाव 'तापमान'च आहे. त्यांच्या माहितीपत्रकात बघूनच मी तेच नाव दिलं. अगदी काना-मात्रासुद्धा तीच."

आत्याआजी हसली नाही. ती म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकघरात एका डब्यावर 'साखर' लिहिलंय. माझ्याकडच्या डब्यावरही तेच लिहिलंय. तुझ्या आईनं तुमचा डबा भरला, तर माझा भरेल?"

चैत्राली हळूच म्हणाली, "नाव एक, पण डबे दोन."

"तुझं 'तापमान' या लॅपटॉपच्या स्मृतीत आहे. पान मिटलंस की तेही गेलं. त्यांचं 'तापमान' बागेच्या खाली, मातीत पुरलेल्या खोलीतल्या संगणकात आहे. तो सर्व्हर, म्हणजे दुसऱ्यांच्या विनंत्या ऐकून काम करणारा संगणक. या दोघांमध्ये पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त पोकळी आहे. तुझ्या लॅपटॉपमध्ये काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि त्याच्या पोटात काय आहे ते तुला दिसत नाही. सर्व्हर इथं शेजारच्या खोलीत असता तरी हेच झालं असतं."

"मग किंमत तिथं जाते कशी?"

"पाठवली तरच जाते. तुझ्या स्क्रिप्टमध्ये 'दाखव' आहे. 'पाठव' कुठंच नाही."

चैत्रालीनं ओळीन् ओळ पाहिली. खरंच नव्हतं. आकडा स्क्रीनवर दिसला म्हणून तो पोचला असं ती धरून चालली होती, आणि सगळा वर्ग तिच्या भरवशावर होता. तिचे डोळे भरून आले.

"रडून घे हवं तर, पण टाइप करता करता," आत्याआजी म्हणाली, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली.

पाठवायचं म्हणजे रिक्वेस्ट (विनंती) लिहायची. व्हेरिएबल उचलून तसंच्या तसं नेता येत नाही, कारण ते त्या त्या संगणकाच्या स्मृतीला बांधलेलं असतं. म्हणून त्यातली फक्त किंमत साध्या मजकुरात उतरवायची आणि तिच्यापुढे नाव लावायचं, म्हणजे पलीकडच्याला कळतं की ही किंमत कशाची. मग त्यावर पत्ता घालून पाकीट सोडून द्यायचं. चैत्रालीनं लिहिलं, वाफा : चिखलदरा, तापमान : २२ अंश. पत्ता चांद्रबागेचा.

"आता बटण दाब आणि वर बघ," आत्याआजी म्हणाली.

चैत्रालीनं बटण दाबलं आणि मान वर केली. तिचा आकडा चिखलदऱ्याच्या घाटातून केबलनं खाली उतरून कुठल्यातरी मोठ्या अँटेनापाशी पोचला असेल, आणि तिथून रेडिओलहर होऊन आभाळात शिरला असेल. तो दिसत नव्हता. त्याचा आवाज येत नव्हता. प्रकाशालासुद्धा चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि परत यायला तेवढाच. एवढासा वेळ, पण त्या वेळात तिनं टाइप केलेली एक गोष्ट ना पृथ्वीवर होती ना चंद्रावर.

लॅपटॉप किणकिणला.

"नाकारलं. 'तापमान' हा आकडा हवा."

"पण मी आकडाच दिला," चैत्राली कळवळून म्हणाली. "इतका काय त्याचा ताठा?"

"ताठा नाही, सावधपणा. तो सर्व्हर तुला ओळखत नाही, चैतू. त्याच्या दारात फक्त पाकिटं येतात. कुणी चुकून बावीसशे लिहील, कुणी मुद्दाम 'सगळ्या नोंदी पुसून टाक' असं लिहील. म्हणून आलेली किंमत तो आधी तपासतो. ती कधीच हुकूम म्हणून वाचत नाही, निव्वळ किंमत म्हणूनच वाचतो. पटली तरच डेटाबेसला (नीट रचून ठेवलेल्या माहितीच्या कोठाराला) देतो. त्या कोठारात थेट शिरायला कुणालाच परवानगी नाही, तुला नाही आणि मलाही नाही. दाराशी सर्व्हर असतो म्हणून तर सगळ्यांचे वाफे सुरक्षित आहेत. आता बघ, तू नेमकं काय पाठवलंस?"

चैत्रालीनं पाकिटातला मजकूर पुन्हा वाचला. २२ अंश. 'अंश' हा शब्द तिनं स्क्रीनवर छान दिसावा म्हणून जोडला होता. माणसाला तो कळतो. पण पलीकडच्या कोठारात तापमानाच्या रकान्यात फक्त आकडा मावत होता.

"दाखवायचं वेगळं आणि पाठवायचं वेगळं," ती पुटपुटली. तिनं 'अंश' पाकिटातून काढून टाकला. आणि मग, कुणी न सांगता, खाली आणखी एक सूचना लिहिली. पानावर आकडा लगेच दाखवायचा नाही. आधी पाठवायचा. सर्व्हरचं उत्तर आलं की, आणि पुढे कुणीही हे पान उघडलं की, कोठारात काय नोंदलं गेलंय ते त्यालाच विचारायचं, आणि तो सांगेल तेच दाखवायचं.

आत्याआजीनं ती ओळ वाचली. मग चैत्रालीच्या पाठीवर हात ठेवला.

दुसरं पाकीट सुटलं. पानावरची जागा मोकळी झाली, आणि या वेळी ते मोकळेपण चैत्रालीला फार मोठं वाटलं. वाऱ्यानं अंगणातली सागाची पानं सरकली. मग त्या जागेत अक्षरं उमटली.

"नोंद झाली. वाफा : चिखलदरा. तापमान : २२."

तेच दोन अंक. कालच्या बावीसपेक्षा दिसायला तसूभरही वेगळे नव्हते. पण कालचा बावीस या लॅपटॉपमधून कधी बाहेरच पडला नव्हता, आणि हा चंद्रावर जाऊन, तिथल्या मातीखालच्या कोठारात आपली जागा करून, मग तिला सांगायला आला होता. चैत्राली त्याच्याकडे बघतच राहिली.

"खात्री करायची?" आत्याआजीनं खिशातून आपला जुना फोन काढला. "यावर तू काहीच टाइप केलेलं नाहीस. उघड तुझं पान."

चैत्रालीनं उघडलं. क्षणभर काही नाही. मग फोनवरही आलं, २२.

"आता तो तुझ्या लॅपटॉपचा राहिला नाही," आत्याआजी म्हणाली. "तू लॅपटॉप मिटलास, हरवलास, तरी तुमच्या वर्गातला कुणीही विचारेल तेव्हा तिथून हेच उत्तर येईल."

मग दोघींनी बागेच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. काचेच्या घुमटापलीकडे सूर्याची शेवटची कोर क्षितिजावर टेकली होती, पांढरीशुभ्र, कारण तिला तांबूस करायला तिथं हवाच नव्हती. कोर बारीक होत गेली आणि दिवा मालवावा तशी नाहीशी झाली. संधिप्रकाश नाही, काही नाही. एकदम काळोख, आणि त्यात दाटीवाटीनं चांदण्या. मग घुमटाखाली एकेका वाफ्यावर ऊब देणाऱ्या दिव्यांचा मंद तांबडा उजेड पडत गेला. कुठल्या कुठल्या देशांतली मुलं, त्यांनी ठरवलेले आकडे, त्यांची रोपं. चैत्राली श्वास रोखून शोधत होती. उजवीकडच्या रांगेत जवसाची बारीक पानं उजळली.

चैत्रालीनं चित्रातल्या त्या पानांवर बोट टेकवलं.

"आत्याआजी," तिनं विचारलं, "मंगळावर पण अशी बाग होईल?"

"होईल. तू कॉलेजात जाशील तोवर व्हायला हरकत नाही. पण मंगळ चंद्रासारखा शेजारी नाही. तिथं विनंती जाऊन उत्तर यायला कधी सात-आठ मिनिटं लागतील, कधी पाऊण तासही. एखादं पोरगं आकडा पाठवेल आणि मोकळ्या पानाकडे बघत बसेल. काही बिघडलं असं वाटून पुन्हा पुन्हा बटण दाबेल. तसल्या पानांचं काय करायचं, यावर आम्ही म्हातारे पुष्कळ वाद घालतो."

चैत्रालीनं विचार केला. दिसणं म्हणजे पोचणं नव्हे, हे तिला आज कळलं होतं. पण न दिसणं म्हणजे हरवणं, असंही नव्हतं. त्या दोन्हींच्या मध्ये काहीतरी होतं, आणि तिच्या पानावर त्याच्यासाठी एकही शब्द नव्हता.

तिनं लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला, नवं कोरं पान उघडलं, वर 'मंगळबाग' असं नाव दिलं, आणि आकड्याच्या जागेखाली पहिला शब्द लिहिला, "वाटेत."