दुपारच्या चित्रातला धूर

म्हातारा घड्याळजी वहिनींच्या कचेरीत खुर्चीत बसला आणि आधी चष्मा पुसत राहिला. वहिनींनी घाई केली नाही. खाजगी तपासाच्या धंद्यात वेळ घेणाऱ्यांची त्यांना सवय होती. चुळबूळ चालली होती ती त्यांच्या मदतनीस दिराची.

शेवटी घड्याळजी बोलला. डोंगरावरची जंगलं पेटली होती, गावभर धूर होता. बायको दम्याची. खिडक्या बंद ठेवा, असं हवामान केंद्राने सकाळीच बजावलं होतं. दुपारी तो दुकानातून घरी आला तर खोलीची खिडकी सताड उघडी आणि बायको दम लागून गेलेली. सून म्हणाली, मी उघडली. त्याने मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितलं. सामान बांधून झालं होतं.

"पण सून विचारल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण उचलत नाही," तो म्हणाला. "खरंच तिने उघडली का, एवढंच सांगा."

वहिनी घरी गेल्या, तेव्हा सुनेने वर न बघता तेच सांगितलं. औषध आणायला गेले होते, आल्यावर उघडली. स्वयंपाकघरात तिने कपडे वाळत घातले होते, प्रत्येकाला दोन चिमटे. सासूच्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या दोरीवर एक चादर आणि एक पांढरा शर्ट त्या दिवसापासून तसेच होते. काढायचा कुणाला धीर झाला नव्हता. दोन्हींची टोकं एकाच चिमट्यात धरलेली.

"चिमटे कमी पडले असतील," दीर म्हणाला.

"टोपलीभर पडलेत, भावजी."

हवामान केंद्रातल्या निरीक्षकाने उपग्रहाची त्या दिवसाची चित्रं दाखवली. सकाळी गावावर पांढुरका पट्टा. दुपारी गाव स्वच्छ. संध्याकाळी पट्टा पुन्हा हजर. दुपारचं चित्र बघून त्याने सगळ्यांच्या फोनवर कळवलं होतं, धूर ओसरला. वहिनींनी वाऱ्याचं विचारलं. दिवसभर पान हललं नव्हतं. हवेतला धूर मोजायचं यंत्र गच्चीवर होतं. जिना चढायची त्याला गरज वाटली नव्हती.

"धूर गेला आणि परत आला," दीर बाहेर येताना म्हणाला.

"वारा नाही, तर कशावर बसून गेला?"

संध्याकाळी वहिनी घड्याळजीच्या घरी बसल्या. दाराच्या फटीतून तिरपं ऊन आत आलं होतं, त्यात कण तरंगत होते.

"हे कण खोलीभर आहेत," त्या म्हणाल्या. "तिरप्या उन्हात तेवढे दिसतात. उपग्रहाचंही तसंच. सकाळ-संध्याकाळ धूर उठून दिसतो. सूर्य डोक्यावर आला की तोच धूर चित्रात जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून यंत्राचा आकडा बघायचा असतो. निरीक्षकाने तो बघितला नाही."

घरातला फोन बायकोकडे असे, घड्याळजी वापरत नसे. दुपारचा निरोप त्याला आता कळत होता.

"धुरात पांढरा शर्ट कुणी बाहेर वाळत घालत नाही. ज्या बाईने घातला, तिला हवा स्वच्छ झाल्याचं कळलं होतं. एका चिमट्यात दोन कपडे धरायची सवय कुणाची?"

"माझ्या बायकोची," तो म्हणाला.

"कपडे वाळत घालायला त्यांनीच खिडकी उघडली. सून आली तेव्हा उशीर झाला होता."

तो सुनेकडे वळला. "मग खोटं का बोललीस?"

ती बांधलेल्या खोक्यावर हात ठेवून उभी होती. "शर्ट तुमचा होता, बाबा. त्यापायी आई गेल्या, हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

तो उठला, खिडकीशी गेला, शर्ट काढला. पांढरा राहिला नव्हता, धुराचा वास येत होता. सून म्हणाली, द्या, धुऊन टाकते.

"नको. राहू दे असाच."

शर्ट मांडीवर घेऊन तो खाली बसला आणि खोक्याची दोरी सोडू लागला. गाठ सुटेना, तेव्हा सून शेजारी येऊन बसली.