चंद्रोदय नऊ बत्तीस

बस, वैष्णवी. दूध वर येईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. काकूंचं दूध उतू गेलं तर त्या दोन दिवस ऐकवतील. तुला काकूंकडे खोली घेऊन चारच दिवस झालेत, म्हणून एक गोष्ट सांगते. परवा संकष्टी आहे, त्याच्या आत ती सांगून झालेली बरी.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. आले तेव्हा तुझ्याएवढीच होते. आमचं गाव दारव्हा, यवतमाळ जिल्हा. बारावीचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांत मी आठ किलो उतरले. रात्रभर उठून पाणी प्यायचे. दवाखान्यात नेलं, तर साखर निघाली साडेपाचशे. टाइप वन डायबेटीस. म्हणजे दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचायचं, आणि तेही जन्मभर. आई मला पुण्याला पाठवायला तयारच नव्हती. शेवटी एका अटीवर हो म्हणाली : जिथं राहशील तिथं सगळ्यांना सांगायचं. "एक वेळ जरी काही झालं न तनुजा, तर मी येऊन तुला वापस घेऊन जाईन." आणि बसस्टँडवर आत्यानं मला हळूच बाजूला घेतलं. "कोणाले सांगू नको बरं. उद्या लग्नाचं पाहा लागते."

मी आत्याचं ऐकलं. लग्नासाठी नाही गं. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी माझ्याकडे 'अरेरे, बिचारी' म्हणून बघावं, हे मला नको होतं. तेवढ्यासाठी मी आईशी खोटं बोलले, आणि नंतर सगळ्यांशीच.

आल्या दिवशी शकूकाकूंकडे फ्रिजमध्ये जागा मागायला गेले. इन्सुलिनची पेनं एका पत्र्याच्या डबीत घालून तिला चिकटपट्टी लावली होती.

"काय आहे त्यात?" काकूंनी विचारलं.

"केसांचं सीरम."

काकूंनी माझ्या वेणीकडे एकदा पाहिलं. "उपयोग दिसत नाही फारसा. ठेव, लोणच्याच्या बरणीमागे." मग फ्रिजचं दार धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. "तब्येतीचं काही आहे का? असेल तर आत्ताच सांग."

"नाही काकू. काहीच नाही."

त्यांनी डबी आत सरकवली. मग दार लावून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात मला जिन्याच्या वळणावर एक वास आला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिथं खिडकी आहे ना, तिथं. इन्सुलिनला स्वतःचा एक वास असतो, नव्या बँडेजसारखा. जो टोचून घेतो त्यालाच तो ओळखू येतो. मला वाटलं, माझ्याच कपड्यांना येतोय. कपडे धुतले, पिशवी धुतली, तरी वास जिथल्या तिथं. वर जाताना, खाली येताना, त्या दोन पायऱ्यांपुरता.

बाकी माझं छान बसलं होतं. आठ वाजता बाथरूममध्ये नळ सोडून टोचायचं आणि सव्वाआठला खाली जेवायला जायचं. ते इंजेक्शन घेतलं की लगेच जेवावंच लागतं. नाही जेवलं, तर साखर खाली उतरत जाते... आणि डोक्याला कळेनासं होतं की आपल्याला काही होतंय.

मग संकष्टी आली.

मी आठला टोचून खाली आले, तर ताटं मांडलेलीच नाहीत. काकू मोदकांच्या पाऱ्या करत होत्या. "आज संकष्टी. चंद्रोदय नऊ बत्तीस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नैवेद्य झाल्याशिवाय या घरात ताट नाही. मुलींना ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ज्याचा उपास तो थांबतो, बाकीचे जेवून घेतात. इथं महिन्यातून एकदा अख्खं घर चंद्रासाठी थांबतं, हे मला कोण सांगणार? भिंतीवरच्या घड्याळात आठ अठरा झाले होते. तेव्हाच म्हणायचं होतं, काकू, मला आत्ता खायला लागेल. चार शब्द. पण त्या चार शब्दांपाठोपाठ 'का?' आलं असतं.

म्हटलं, खोलीत बिस्किटं आहेत. वर गेले, तर माझी रूममेट निशा गच्चीवर निघाली होती. "अगं, तुझी बिस्किटं दुपारी मीच संपवली. सॉरी हं, उद्या आणते." सगळ्या वर गेल्या. मी साखर मोजायचं मशीन काढून बोट टोचलं. बासष्ट, म्हणजे उतरायला लागली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी आणू म्हणून मशीन पलंगावरच टाकलं आणि जिना उतरायला लागले.

वळणापर्यंत पोचले. तिथं पायांतलं बळच गेलं. अंगाला घाम, हात थरथरतायत, जिभेला मुंग्या. मी पायरीवर बसले. दिवा चालू होता, पण मला तो लांब कुठंतरी चालू आहे असं वाटत होतं. वरून गच्चीवरचं हसणं ऐकू येत होतं. आणि तो वास... इतका जवळ कधीच आला नव्हता.

"आठला घेतलंस ना?"

शेजारी कोणीतरी बसलं होतं. खिडकीकडे तोंड करून. एक मुलगी, माझ्याच वयाची, गुडघ्यांना हातांनी कवळ घालून.

"हो," मी म्हणाले. मला भीती वाटली नाही. साखर उतरली की भीतीसुद्धा नीट वाटत नाही.

"मीही आठलाच घेतलं." तिचा आवाज अगदी बारीक होता. "ढग आहेत. चंद्र दिसतच नाहीये."

"मला झोप येतेय..."

"येते. छान वाटतं. मग काहीच वाटत नाही." ती माझ्याकडे वळली. "तनुजा... नको झोपूस. हाक मार."

"काय म्हणून?"

"जे सांगितलं नाहीस, ते सांग. मला नाही मारता आली हाक. मी सगळ्यांना सांगितलं होतं, मला काही झालेलं नाही म्हणून."

मी तोंड उघडलं. खूप लांबून शब्द गोळा करावे लागत होते. काकू, मला डायबेटीस आहे... असं म्हणाले बहुतेक. माझं मलाच ऐकू आलं नाही, ओठ हलले तेवढंच. पण निशा आजही शपथेवर सांगते की गच्चीवर किंकाळी ऐकू आली. आणि खाली स्वयंपाकघरात काकूंनीही ऐकली.

काकू धावत आल्या, त्या नैवेद्याचं ताट हातात घेऊनच. चंद्रोदयाला अजून अर्धा तास होता. बाप्पासमोर ठेवायचा मोदक त्यांनी तिथंच फोडला आणि बोटानं गुळाचं सारण माझ्या गालाच्या आत लावलं. निशानं साखरपाणी आणलं. "काकू, नैवेद्य..." मी शुद्धीवर येताना हेच म्हणाले म्हणे.

"गप्प बस. बाप्पाचं मी बघून घेईन. गीळ आधी." आणि काकू रडत होत्या. शकूकाकू, ज्या दूधवाल्याशीसुद्धा हसत नाहीत, त्या माझं डोकं मांडीवर घेऊन हमसून हमसून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी श्रद्धा नावाची मुलगी इथं राहायची. फ्रिजमध्ये एक डबी ठेवायची, होमिओपॅथीच्या गोळ्या म्हणून. संकष्टीच्या संध्याकाळी सगळे गच्चीवर होते आणि ती जिन्याच्या वळणावर बसलेली सापडली. "मला वाटलं, उपासानं झोप लागली असेल. अंगावर शाल घातली मी तिच्या. चंद्रोदय झाल्यावर जेवायला उठवायला गेले..." त्या डबीत इन्सुलिन होतं, हे त्यांना ती गेल्यावर कळलं. "तुलाही विचारलं होतं गं मी. तू नाही म्हणालीस. मी मान्य केलं. दोनदा तीच चूक केली."

मी त्याच दिवशी आईला फोन केला. ती खरंच बॅग भरून न्यायला आली. काकूंनी तिला याच ओट्याशी बसवलं. "न्यायचं तर न्या. पण आता सगळ्यांना माहीत आहे. तिकडे नेऊन पुन्हा लपवाल, त्यापेक्षा इथं राहू दे. आठ वाजता तिचं ताट मी मांडेन, चंद्र उगवो न उगवो." आई दोन दिवस राहिली आणि एकटीच परत गेली.

तेव्हापासून संकष्टीला माझं पान आधी वाढतात. आणि काकू वळणावर एक वाटी साखरपाणी ठेवतात. सकाळी ते जसंच्या तसं असतं. एक मुंगी फिरकत नाही.

थांब, गॅस बारीक करते. अजून संपलं नाही.

माझं साखरेचं मशीन तारीख-वेळेसकट आकडे साठवून ठेवतं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ते बघितलं आणि विचारलं, "हे अठ्ठावीस, सव्वीस कुणाचे? तुझे असते तर तू इथं बसली नसतीस." ते आकडे संकष्टीचे होते, बरोबर चंद्रोदयाच्या वेळचे. मी तेव्हा बोट टोचलेलं नव्हतं. त्यानंतर दर महिन्याला एक येतो. मी पुसत नाही. वाटतं, आपण पुसला तर श्रद्धाची तेवढीही नोंद राहायची नाही. सुरुवातीला भ्यायचे. आता वाईट वाटतं फक्त.

पण आज सकाळी मशीनमध्ये नवा आकडा होता. अडतीस. वेळ रात्री आठ पन्नास, चंद्रोदयाच्या कितीतरी आधीची. आणि तारीख येत्या परवाची, अजून न आलेल्या संकष्टीची. मशीनचं घड्याळ मी तीनदा तपासलं, ते बरोबर आहे. सव्वाआठला मी जेवलेली असेन, म्हणजे तो माझा नाही. तिचा इतका वर कधी नसतो. काकूंचं आणि घरातल्या बाकी मुलींचं बोट टोचून पाहिलं, सगळ्या ठणठणीत.

चार दिवसांपूर्वी लोणच्याच्या बरणीमागे माझ्या डबीशेजारी एक नवी डबी आली. निळी, चिकटपट्टी लावलेली. काकूंना तू काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. मी काही रागावणार नाही, वैष्णवी. मलाही याच ओट्याशी खोटं बोलता आलं होतं.

तुझ्या पलंगाजवळून गेले की मला तो वास येतो. काल रात्री आपल्या खोलीत तुझ्या उशाशी कोणीतरी बसलं होतं, गुडघ्यांना कवळ घालून. निशा तर गावाला गेलीये.

दूध वर आलं बघ. हा कप घे, आणि दुसरा हात दे इकडे. बोट थोडं दुखेल, तुला माहीतच असेल.