आत एकच माणूस होतं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. आणि रात्रीची नाही, भर दुपारची.

तेव्हा आम्ही दोघी बहिणी लाकडाच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. लवकर वाढणारं, स्वस्त लाकूड वाफेत तापवायचं, कीड लागू नये म्हणून त्यात औषध मुरवायचं आणि त्याच्या भिंती शेजारचा आवाज किती शोषतात ते मोजायचं. धाकटी फळ्या मांडायची. मी बाहेर यंत्रापाशी बसायची.

मोजायची खोली म्हणजे चार उघड्या, गुळगुळीत भिंती. नुसतं खोकलं तरी घुमत राहायचं.

नियम एकच. मोजताना आत कुणी थांबायचं नाही. माणसाचं अंगही आवाज पितं ना! आमचे साहेब तर दोघांचा पितात, असं धाकटी त्यांच्या पोटाकडे बघून म्हणायची.

त्या दुपारी नव्या फळ्या आल्या होत्या. काळपट, जड.

धाकटीने त्या मांडल्या. बाहेर येऊन दार लावलं. "रिकामी!" म्हणाली.

मी आवाज सोडला, बंद केला. घुमणारा आवाज कसा विरत गेला, त्याची रेघ कागदावर उमटली...

"अगं, आत कोण राहिलंय?"

"कुणी नाही, ताई. मी ही काय इथे उभी!"

लाकडाची रेघ वेगळी, माणसाची वेगळी. इतक्या वर्षांत मी ती नजरेने ओळखायची. हे माणूस होतं. एक.

दार उघडून पाहिलं. कुणी नाही.

फळ्या बाहेर काढल्या. रेघ रिकाम्या खोलीची.

पुन्हा मांडल्या. पुन्हा एक माणूस...

साहेब म्हणाले, "यंत्र बाद करायची वेळ आली. तुमचीही चष्मा बदलायची."

धाकटी हट्टी. "थांबा, मीच आत उभी राहते. यंत्र ठीक असेल तर आता दोन माणसं दिसतील."

"नको गं."

"भित्री भागूबाई!" ती हसली आणि गेली.

दार लागलं. मी आवाज सोडला. बंद केला.

रेघ आली...

एकच माणूस.

मी धावत जाऊन दार ओढलं. ती फळ्यांकडे तोंड करून उभी होती. पाठ माझ्याकडे. हाक मारली. वळली नाही.

दुसऱ्यांदा मारली. तेव्हा वळली. सावकाश.

"चल, ताई," म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं. त्याच फळ्या, तशाच मांडलेल्या.

खोली रिकामी.

"बघा! आपोआप सुधारलं," साहेब खूश झाले. फळ्या पास झाल्या आणि कुणाच्या तरी घरांसाठी रवाना झाल्या.

मी मात्र मनाशी मांडत बसले. आधी आत एक होतं. ती गेल्यावरही एकच. ती बाहेर आल्यावर कुणीच नाही.

मग आत गेलेली कुठे राहिली? आणि बाहेर आलं कोण?

बरेच दिवस धीर धरला. शेवटी एका दुपारी, फळ्या नसलेल्या मोकळ्या खोलीपाशी तिला म्हटलं, "एकदा आत उभी राहा ना. सहज. तुझी एकटीची रेघ बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. तशी ती कधी पाहायची नाही.

"कशाला, ताई? काय दिसेल ते तुला ठाऊक आहेच की."

पुन्हा कधी मी तिला तसं म्हटलं नाही.

आता दोघींचेही केस पिकले. एकाच घरात राहतो. ती माझं सगळं करते, पाय चेपते, औषधाच्या वेळा सांभाळते. तिच्यात खोट काढायला कुणाला जागा नाही.

हे लिहिताना ती पलीकडच्या खोलीत आहे. मघापासून काहीच चाहूल नाही...

हाक मारली तर ओ देईल.

मीच मारत नाही.