टिमासची मिटलेली मूठ

मला खोटारडा म्हणा. आहेच मी, तेच तर सांगायचंय. पण ही गोष्ट शब्द न् शब्द खरी आहे. आत्ता सांगतानासुद्धा मी उजवा हात शालीत लपवलाय.

जागा ग्रीसमधलं नेमेआ, झ्यूसच्या देवळाजवळचं मैदान. वेळ टळटळीत दुपारची. शेवटची कुस्ती, माझी आणि टिमासची.

आम्ही दोघं सिकिओन गावचे, एकाच आखाड्यात वाढलेलो. अंगाला तेल चोळता चोळता तो म्हणाला, "दामिस, घरी सांगून आलास ना? आज माती खायला घालतो तुला!"

"आधी ते पोट आत घे," मी म्हणालो. दोघंही हसलो.

आमच्या कुस्तीत चावायचं नाही, डोळे फोडायचे नाहीत. बाकी सगळं चालतं. हार मानायची तर एक बोट वर करायचं... की समोरच्याने तिथल्या तिथे सोडायचं.

मी मागून त्याचा गळा आवळला होता. काळ्या कपड्यांतले पंच पलीकडच्या बाजूला होते.

माझ्या हातावर टकटक झाली.

एकदा... दोनदा...

मग त्याचं बोट वर आलं. अगदी माझ्या डोळ्यांसमोर. मला दिसलं हो! पण पंचांना नाही दिसलं. मी त्याला सोडलं आणि पंच म्हणाले 'खेळा', तर हा उलटून मलाच पाडेल, असं वाटलं.

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा टिमास गेला होता. बोट परत मुठीत गेलं होतं.

माझ्या डोक्यावर विजेत्याचा, अजमोदाच्या पानांचा मुगुट चढला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता.

गावी त्याची आई, मिर्तो मावशी, दारातच उभी होती. तिला फारसं दिसत नाही. तिने माझे दोन्ही हात धरले.

"त्याने बोट वर केलं होतं का रे?"

"नाही मावशी. शेवटपर्यंत नाही. सिंह होता तो."

तिने माझे हात हळूच सोडले. मला वाटलं, तिला पोराचा अभिमान वाटला असेल.

गावाने तर टिमासला डोक्यावर घेतलं. 'ज्याने बोट वर केलं नाही' असं खाली कोरून त्याचा काशाचा पुतळा नेमेआला उभा केला. मुठी कशा मिटलेल्या होत्या, ते ओताऱ्याला मीच करून दाखवलं. पुतळा उभा राहिला त्या दिवशी मावशीने दोन्ही मुठी चाचपून पाहिल्या.

त्यानंतर रोज दुपारी, सराव संपवून अंगावरचं तेल न् माती खरवडायला बसलो की... हातावर टकटक.

आसपास कुणी नसायचं.

पण उजव्या हातावरच्या मातीत बोटाएवढे दोन ठिपके उमटलेले असायचे.

दोन वर्षांनी पुन्हा खेळ आले. मी उतरलो नाही. मावशी म्हणाली म्हणून तिला पुतळ्यापाशी घेऊन गेलो. पुन्हा तीच दुपार. मैदानात हजारो माणसं ओरडत होती.

आणि एकाएकी सगळं गप्प झालं...

माणसांची तोंडं हलताना दिसत होती. आवाज मात्र नाही.

मावशी उजवी मूठ चाचपत होती. तिचा हात थांबला.

"दामिस... हे बोट कुणी उघडलं?"

मी पाहिलं.

काशाचं बोट सरळ वर होतं. कुठे चीर नाही, ठोकल्याची खूण नाही.

"ओताऱ्याची चूक असेल, मावशी."

बघा, तेव्हाही खोटंच बोललो!

ती ते बोट हातात धरून राहिली, चालायला शिकणाऱ्या पोराने आपलं बोट धरावं तसं.

"हरला असता तर काय बिघडलं असतं? घरी तर आला असता." मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "बोट वर केलं की सोडतात ना रे?"

"हो, मावशी."

माझ्या हातावर टकटक झाली.

एकदा... दोनदा...

मावशीचे दोन्ही हात पुतळ्यावर होते.