रिकामी तारीख

कुणाला खरं वाटो न वाटो, हे घडलेलं आहे. रत्नागिरीत, १९८८ च्या कार्तिकात, ऐन तिन्हीसांजेला.

सगुणा एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत होती. मालक महिपत. त्याने बनवलेला, सभासदांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस एक मच्छीमार सोसायटी घेणार होती. त्याने प्रोग्राममध्ये काही बदललं, की जुन्या चाचण्या पुन्हा चालवायच्या आणि काल बरोबर येणारं उत्तर आज बिघडलं नाही ना, ते तपासायचं. हे सगुणाचं काम.

त्यातली एक चाचणी तिनेच लिहिली होती.

मृत्यूची तारीख रिकामी असेल, तर तो माणूस 'हयात' यादीत येता कामा नये, आणि 'मृत' यादीतही नाही. त्याने 'माहीत नाही' या तिसऱ्या यादीत यायचं. त्या रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. शून्य नव्हे. नुसतं... ठाऊक नसणं.

चाचणीसाठी खोटी नावं घालतात. तिने त्यात एक खरं घातलं होतं.

हरिश्चंद्र, पूर्णगड.

तिचे वडील. होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. देहही मिळाला नाही. आईने त्यांचे दिवस घालू दिले नव्हते. गावाने केव्हाच त्यांना गेलेलं धरलं होतं. या एका जागी ते अजून गेले नव्हते. ती जागा सगुणा राखत होती.

त्या संध्याकाळी प्रिंटर थांबला.

'हयात'मध्ये वडील नव्हते. 'मृत'मध्ये नव्हते. बरोबर.

तिसरी यादी...

तिथेही नव्हते.

रिकाम्या तारखेची बाकीची नावं जागच्या जागी होती.

"अगो, तुझ्या हातून नोंदच पुसली गेली असेल," महिपत म्हणाला.

तिने नोंद उघडली. नाव होतं, तारीख रिकामीच. पुन्हा चाचणी चालवली. पुन्हा तेच.

"आता काय मशीनला गाऱ्हाणं घालू? काढून टाक ती चाचणी. उद्या सोसायटीवाले येतायत."

"नाही काढणार."

"आईसारखीच हट्टी हो तू!" म्हणत तो खाली चहाला गेला.

पंखा बंद होता.

तरी कागद हलला...

मग मागची वेताची खुर्ची करकरली. कुणी दमून टेकावं, तशी.

ओल्या जाळ्याचा वास आला...

सगुणाने मशीन बंद केली. मागे न बघता ती जिना उतरली.

खोलीवर आई तांदूळ निवडत बसली होती. तिचं कपाळ पुसलेलं होतं.

"आई! कोण काय सांगून गेलं?"

"कोण कशाला सांगतंय? स्वतःच आले होते. दुपारी. उंबऱ्याबाहेरच उभे राह्यले. जेवून जा म्हटलं, तर नको म्हणाले. आता वाट बघू नको, म्हणाले."

आई रडत नव्हती. एक खडा काढून तिने बाजूला टाकला.

"तुला भेटले ना गो? सगूला बघून जातो, म्हणाले होते."

सगुणा तिच्याशेजारी खाली बसली.

"भेटले," ती म्हणाली.

आई वारली, तोवर सगुणा तिला हेच सांगत राहिली. मागे वळून पाहिलंच नव्हतं, हे तिला अजून कुणाला सांगवत नाही.