गोबरगॅसमधली गाठ

दिवा जरा जवळ घे. रॉकेलच्या वासानं दुसरा वास दबतो.

पणदऱ्याच्या रस्त्याला एका कंपनीची लहानशी प्रयोगशाळा होती. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी तिथं पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायची. शाळेची पायरी चढले नाही, पण बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं माझी मी शिकले. सोमनाथ सर कॅन्सरवर औषध घडवायचे. रेणूचा एक तुकडा काढायचा, दुसरा जोडायचा. मग उंदराच्या कातडीखाली गाठ वाढवायची नि ते औषध टोचून बघायचं. औषधाला सडक्या लसणाचा वास. टोचलं की उंदराच्या तोंडालाही तोच.

कितीतरी औषधं वाया गेली. एकानं मात्र गाठी विरघळल्या. सरांनी उंदीर फाडून बघितले, आत काही नाही. जाळायची भट्टी बिघडलेली, म्हणून ते फाडलेले उंदीर मागच्या गोबरगॅसमध्ये टाकायला लावले. त्याच गॅसवर त्यांचा चहा व्हायचा. मी त्या चहाला तोंड लावलं नाही.

घरी माझ्या सुनेच्या, करुणाच्या छातीत गाठ. डॉक्टरांनी हात टेकलेले.

"आत्या, त्या उंदरांचं औषध मला आणा की."

"माणसाला द्यायचं न्हाय अजून. सर म्हणत्यात, वरसं लागतील."

"तवर मी ऱ्हाते व्हय?"

शेवटी सरांना विचारायचं ठरवलं. भर दुपारी गेले. मागं गोबरगॅसमधली मळी पडते त्या स्लरीच्या खड्ड्याकडं नजर गेली. हिरव्या शेणकाल्यावर गाठी तरंगत होत्या... पांढऱ्या, कोंबडीच्या आतड्यांसारख्या बुळबुळीत. काठीनं एक उलटवली. गरम वाफ आली, लसणाची.

सरांना ओढून आणलं.

"शेण आहे ते, अक्काबाई."

"शेणाला शिरा आस्त्यात व्हय, सर?"

त्यांनी मान खाली घातली. "करुणा परवा येऊन गेली... फार रडली. मी दिलं तिला."

घरी आले तर करुणा गुणगुणत भाकरी थापत होती. "आत्या, गाठ गेली." बोलली तसा तोंडाचा वास आला. मी हात लावून बघितलं. गाठ नव्हती. गाठीवरचा काळा तीळही नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी स्लरीत सापडला... मुठीएवढ्या गाठीवर. किळसेनं मी तिच्यात काठी खुपसली. घरी परतले तर करुणा छाती धरून जमिनीवर लोळत होती. बाराच्या भोंग्यापासून, शेजारीण म्हणाली. मी काठी खुपसली तीच वेळ.

त्याला आता आठ वर्षं झाली, प्रयोगशाळा कधीच बंद पडली. मी मात्र अजून रोज नाकाला पदर लावून त्या टाकीत शेणाची पाटी ओतते. ती गाठ जाळा म्हणून मला कुणी शहाणपण शिकवू नये. माझी सून जिती हाय.

चार महिन्यांमागं तिला पोरगी झाली, पायल. अजून दात नाहीत, आईच्या दुधापलीकडं काही चाखलेलं नाही. काल माझ्या मांडीवर तिनं जांभई दिली...

घे तिला जरा. तोंडाजवळ नाक ने.