तळ्याला वळसा

“जंगलात,” एवढंच तो म्हणाला.

मी फक्त विचारलं होतं, की ही फळं कुठे मिळाली. झिमझिम पावसात तो झाडीतून अचानक रस्त्यावर आला होता. हातात बादली, बादलीवर स्वतःचा कोट झाकलेला — आणि स्वतः मात्र ओलाचिंब. कोटाच्या कडेखालून दोन-चार पिवळीधमक फळं डोकावत होती.

“जंगल तर पार नॉर्वेपर्यंत पसरलंय,” मी म्हटलं.

“हो ना,” तो गंभीरपणे म्हणाला. “तिकडेच कुठेतरी.”

आणि हसला. तोंडभरून नाही... नुसतं ओठाच्या एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्यानेच माझा घात केला, असं मी आजही म्हणते.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. दक्षिणेतल्या लुंड शहरातून उत्तरेच्या ग्रानट्रेस्क गावी, तिथल्या दवाखान्यात बदली नर्स म्हणून ऑगस्टात नुकतीच आले होते. ऑक्टोबरअखेर माझी मुदत संपणार होती. यूर्ट्रोन नावाची ही फळं दलदलीत पिकतात, हे मी ऐकून होते. पण ती कुठे मिळाली हे विचारायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मुलखात बाईला वय विचारलेलं चालतं, पुरुषाला पगार विचारलेला चालतो, फळांची जागा विचारलेली चालत नाही. बाप मरायला टेकला की थोरल्याच्या कानात सांगतो. धाकट्याला तेही नाही.

पुढच्याच आठवड्यात तोच माणूस दवाखान्यात माझ्यासमोर बाही वर करून बसला. हाल्वार त्याचं नाव. टपालाची बस चालवायचा. पत्रं, पार्सलं, म्हाताऱ्या बायका, सगळं एकाच गाडीत. आता ती बस नाही, दवाखानाही शहरात गेला, पण तो बसला होता ती खुर्ची मला अजून दिसते. त्याचा रक्तदाब चढला होता. मी काही विचारलं की ‘हो’ म्हणायच्या ऐवजी तो ओठांचा चंबू करून हवा आत ओढायचा. मी घाबरून त्याची छाती तपासायला घेतली, तेव्हा बाहेर बसलेल्या बायका खुसखुसल्या. इकडे सगळेच असं ‘हो’ म्हणतात, हे मला नंतर कळलं.

दिवसभर बसून असता, रोज तासभर चालत जा, असं मी बजावलं. चालतो की, तो म्हणाला. कुठे चालता, असं विचारलं तर पुन्हा तेच — जंगलात.

“मग रविवारी मी येते बरोबर,” मी म्हटलं. “डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पेशंटवर विश्वास ठेवत नाही.”

“सिस्टर, हे औषध आहे का शिक्षा?”

“ते रविवारी ठरवू.”

इतकी धीट मी कुठून झाले, देव जाणे.

तळ्यापलीकडे एक सपाट खडक होता. तिथे बसून थर्मासमधली कॉफी प्यायची, दालचिनीचा बन खायचा आणि परतायचं, एवढीच आमची सहल. खडकाकडे जायला पाइनच्या झाडीतून सरळ वाट होती. पण ती वाट ओली आहे, तुमचे बूट खराब होतील, असं म्हणून हाल्वारने मला तळ्याला वळसा घालून नेलं. पुढच्या रविवारीही वळसा, त्याच्या पुढच्याही. वाटेत तो फार बोलायचा नाही. ओंडक्यावरून उतरताना हात पुढे करायचा, आणि मी उतरले तरी सोडायला अंमळ उशीर करायचा... बर्चची पानं पिवळी झाली, गळली. तळ्याच्या काठाला सकाळी बर्फाचा पापुद्रा धरू लागला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. त्याचा रक्तदाब उतरला; माझा मात्र शनिवारपासूनच चढायला लागायचा.

ऑक्टोबरात लुंडहून फोन आला. तुझी जुनी जागा मोकळी आहे, येणार का ते सोमवारपर्यंत कळव. इकडे ग्रानट्रेस्कलाही कायमची नर्स हवीच होती. राहायला माझी ना नव्हती, पण हाल्वारच्या तोंडून एक शब्द मला हवा होता. आणि हा पठ्ठ्या हवापाण्यापलीकडे एक अक्षर काढेल तर शपथ!

त्याच आठवड्यात मी गुनबोर्ग नावाच्या म्हातारीच्या पायाची जखम बांधायला तिच्या घरी गेले. बोलता बोलता रविवारच्या फिरण्याचा विषय निघाला, तशी ती हसत सुटली.

“तळ्याला वळसा? अगं बाळे, सरळ गेलीस तर पाव तासाची वाट. पण मध्ये त्याच्या आज्याची दलदल आहे ना, फळांची. त्यांच्या घरात सख्ख्या जावयालासुद्धा तिकडे फिरकू देत नाहीत. तुला चुकवत नेतोय तो.”

मी मान खाली घालून पट्टी बांधत राहिले. इतके रविवार मला वाटत होतं, की आमची सोबत लवकर संपू नये असं याला वाटतंय. आणि हा फळं राखत होता! घरी येऊन मी मनसोक्त रडले. रडून झाल्यावर राग आला. आमच्या देशात रान सगळ्यांचं असतं. मालक कुणी का असेना, त्याच्या अंगणात आणि पिकात पाय न घालता कुणीही चालावं, फळं वेचावीत, एखादी रात्र तंबू ठोकून निजावं. आईच्या कडेवर होते तेव्हापासून हा हक्क मी वापरत आले. आणि आता हा बसवाला मला वाट बंद करणार?

रविवारी भेटल्या भेटल्या मी म्हटलं, “आज सरळ वाटेनं.”

तो थबकला. “मग... फार लवकर पोचू.”

“कायद्यानं मला हक्क आहे,” असं म्हणून मी चालू लागले. तो मागून आला.

वाट कोरडी ठणठणीत होती. थोड्या वेळाने झाडी सरली आणि दलदल समोर आली — तपकिरी, उघडीबोडकी, कडेने धुकं. मी मागे वळले आणि पोटात होतं ते सगळं बोलून टाकलं. गुनबोर्गने मला सांगितलंय, तुझ्या फळांशी मला काही देणंघेणं नाही, मी काय तुला चोर वाटले, उद्या मी लुंडला ‘येते’ म्हणून कळवणार आहे...

हाल्वारने सगळं ऐकून घेतलं. मग वाकून शेवाळातलं एक रोप देठासकट उपटलं आणि माझ्या हातात दिलं. सुकून तांबूस पडलं होतं ते.

“यावर फळ शोध.”

“काय?”

“सगळी दलदल शोध. एक जरी सापडलं, तरी खुशाल जा लुंडला.”

मी रोपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

“पहिल्या रविवारी लपवत होतो, कबूल,” तो म्हणाला. “पण ऑगस्टात संपतात ही फळं, सिस्टर. इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यानंतर इथे राखायला होतंच काय? तरी मी वळसा घालत राहिलो.”

एवढं सलग तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

“का?” मी विचारलं. कळलं होतं मला, सगळं कळलं होतं. पण ऐकायचं होतं.

“सरळ वाट पाव तासात संपते,” तो म्हणाला. “मला... तेवढ्यावर भागत नाही.”

लुंडला फोन करून नाही म्हणायचं, हे मी त्या क्षणी ठरवून टाकलं. पण ते त्याला सांगायचं राहूनच गेलं. तो माझ्याकडे न बघता दलदलीच्या पलीकडच्या टोकाला बोट दाखवत होता.

“पुढच्या वर्षी तो कोपरा आधी पिकेल. ऊन लागतं ना तिथे. मग त्या वठलेल्या झाडाजवळचा. मी... दाखवीन तुला.”

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. ते बघून बिचारा पुरता गोंधळला. आपण दाखवलं ते कमी पडलं, असं वाटलं असावं त्याला.

“अजून एक जागा आहे,” तो घाईघाईने म्हणाला. “ती माझ्या भावालाही ठाऊक नाही.”